दाल बाजार ते एतोशा : एका प्रवासाची पूर्वतयारी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारा दूरध्वनी आला, त्या वेळी माझ्या टेबलावर बालरोगशास्त्राचे एकही पुस्तक नव्हते. नामिबियाचा भला मोठा नकाशा पसरलेला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार औषधांच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. संपादकांनी विषय विचारला. नेहमीप्रमाणे 'बालकांचा आहार' किंवा 'लसीकरणाविषयीचे गैरसमज' असे काहीतरी सांगणार होतो; परंतु तोंडून निघून गेले, "या वर्षी प्रवासावर लिहितो. अजून न केलेल्या प्रवासावर."

आमचा दवाखाना दाल बाजारात, एका धान्याच्या आढतीच्या वर आहे. खाली पोती उतरतात, हातठेले अडतात, सांडलेल्या डाळीवर पारवे आणि चिमण्या तुटून पडतात. आढतीचे सेठजी माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या वेडाला तीस वर्षे सौजन्याने सहन करीत आले आहेत. आम्ही येत्या सप्टेंबरात स्वतः गाडी चालवीत, तंबूत राहत, दक्षिण आफ्रिका खंडभागात अठरा दिवस पक्षी पाहणार आहोत, हे कळताच ते म्हणाले, "डॉक्टर साहब, चीता तो खुद वहाँ से यहाँ आ गया, अब आप काहे को वहाँ जा रहे हो?"

प्रश्न बिनतोड होता. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आले, ते प्रथम आपल्या ग्वाल्हेरलाच उतरले आणि येथून हेलिकॉप्टरने कुनोला गेले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले, तेही याच वाटेने. आफ्रिकेशी ग्वाल्हेरचा संबंध त्याहूनही जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराज माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या संस्थानच्या जंगलात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर उठले आणि तो प्रयोग फसला. म्हणजे आफ्रिकेतून येथे पाहुणे येण्याची परंपरा आहे. येथून तेथे जाण्याची मात्र फारशी नाही.

सेठजींना मी त्या दिवशी हसून उत्तर दिले. खरे उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

राहून गेलेले दोन पक्षी

१९९१ साली मी गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात आंतरवासी होतो. वैद्यकशास्त्र विभागातील एक सर पक्षिप्रेमी होते. एका शनिवारी वॉर्डातील फेरी संपल्यावर ते म्हणाले, "उद्या पहाटे करेऱ्याला जातोय. माळढोक दाखवतो. येतोस?" करेरा येथून अडीच-तीन तासांच्या रस्त्यावर, शिवपुरी जिल्ह्यात. ज्याला आपल्याकडे सारे सोनचिरैया म्हणतात, त्या माळढोकासाठी १९८१ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले होते. मी सरांना सांगितले, की पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा जवळ आली आहे, पुढच्या वेळी नक्की येतो.

ती पुढची वेळ आली नाही. परीक्षा झाली, एम. डी. झालो, दवाखाना थाटला. दरम्यान, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात करेऱ्याचा माळढोक दिसेनासा झाला. कारणे आपल्यासारख्यांना समजण्यासारखी आहेत. अभयारण्यातील बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या खासगी मालकीची होती आणि ती विकण्यावर बंधने आली. संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिके खाऊ लागले. पक्षी वाचवायचा म्हणून आपल्याच शेतात आपण गुन्हेगार ठरतो, अशी भावना गावकऱ्यांत बळावली. त्यातच हा पक्षी जमिनीवर, उघड्या माळावर, बहुधा एकच अंडे घालतो. कुत्रे, गुरे, माणसांची वर्दळ यांतून ते एक अंडे वाचले तर पुढची पिढी. एकुलत्या एका अपत्यावर भिस्त असलेल्या घराची काळजी आम्हा बालरोगतज्ज्ञांना वेगळी सांगावी लागत नाही. घाटीगावच्या अभयारण्याची गतही निराळी झाली नाही. आज संपूर्ण देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत. तेथील प्रजनन केंद्रात अंडी उबवून पिले वाढविली जात आहेत, हा त्यातला आशेचा भाग.

दुसरा पक्षी सायबेरियन क्रौंच. भरतपूर येथून चार तासांच्या आत. दर हिवाळ्यात म्हणत असे, या वर्षी जायचे. परंतु हिवाळा म्हणजे न्यूमोनियाचा आणि दम्याचा हंगाम. बालरोगतज्ज्ञाने डिसेंबरात गाव सोडणे म्हणजे महापाप! २००२ नंतर ते क्रौंच भरतपूरला आलेच नाहीत.

चार वर्षांपूर्वी सर शेवटच्या आजारात होते, तेव्हा भेटायला गेलो. समोरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः टिपलेले माळढोकाचे कृष्णधवल छायाचित्र होते. थोड्या गप्पा झाल्यावर त्यांनी विचारले, "करेऱ्याला शेवटी गेलास का रे?"

"सर, आता तिथे तो पक्षी नाही."

"ते मला ठाऊक आहे. तू गेलास का, एवढंच विचारतोय."

मी गेलो नव्हतो. त्या दिवशी घरी परतल्यावर पत्नीला म्हटले, की यापुढे 'पुढच्या वेळी' हा शब्द बंद. ती भूलतज्ज्ञ आहे. "तारीख सांग," एवढेच म्हणाली.

आधी पक्षी, मग महिना, मग मार्ग

आमचे शल्यचिकित्सक मित्र, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, आणि त्यांच्या पत्नी असे दोघे बेतात सामील झाले. पहिले सहा महिने आमचे नियोजन चुकीच्या दिशेने चालले होते. क्रुगर, केप टाउन, व्हिक्टोरिया धबधबा, ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, नामिबियाच्या वाळूच्या टेकड्या, सारे काही एका फेरीत बसविण्याचा आमचा खटाटोप होता. कुनेने आणि झांबेझी या नद्यांच्या दक्षिणेकडील भागात साडेनऊशेच्या घरात पक्ष्यांच्या जाती आढळतात. अठरा दिवसांत त्यांच्यामागे धावणे म्हणजे बाह्यरुग्ण विभागात दीडशे रुग्ण उरकण्यासारखेच. पाहिले सगळ्यांना, तपासले कोणालाच नाही.

अखेर अण्णांच्या पत्नींनी कोंडी फोडली. त्या म्हणाल्या, "परत आल्यावर कोणते दोन पक्षी पाहिले नाहीत तर तुम्हांला झोप लागणार नाही, ते आधी सांगा." मी क्षणभरही न थांबता सांगितले : कोरी माळढोक आणि आफ्रिकी पाणचिरा.

कोरी माळढोक हा आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा नातलग, दोघांचे शास्त्रीय कुळनाम एकच. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो सर्वांत वजनदार समजला जातो. नराचे वजन अठरा किलोपर्यंत भरते. अठरा किलो म्हणजे पाच वर्षांच्या निरोगी मुलाचे वजन! एवढे ओझे हवेत उचलणारा पक्षी नामिबियातील एतोशा राष्ट्रीय उद्यानाच्या माळावर आजही रस्त्याच्या कडेने सावकाश चालताना दिसतो. करेऱ्याला जे मी पाहिले नाही, त्याचा थोडासा तरी अंदाज तेथे यावा, ही इच्छा.

पाणचिऱ्याची गोष्ट उलटी आहे. जगात पाणचिऱ्याच्या तीनच जाती : एक अमेरिकेत, एक आफ्रिकेत, एक आपल्याकडे. आपल्या पाणचिऱ्याच्या विणीचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे चंबळ, ग्वाल्हेरहून दीड तासावर. खालची चोच वरच्या चोचीहून लांब. ती पाण्यात बुडवून, पृष्ठभाग चिरीत तो उडतो आणि मासा लागताच चोच मिटतो. त्याचा नातलग ओकावांगो आणि चोबे नद्यांच्या वाळूच्या बेटांवर घरटी करतो. एक नातलग आपण गमावला, दुसरा अजून आपल्याजवळ आहे. दोघांचीही आफ्रिकी भावंडे पाहायची, असा हा बेत ठरला.

पक्षी ठरले आणि महिना आपोआप ठरला. वाळूची बेटे पाणी ओसरल्यावरच उघडी पडतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. दक्षिण गोलार्धात हा कोरडा हंगाम संपत आल्याचा काळ असतो. गवत सुकलेले, झाडी विरळ, प्राणी आणि पक्षी पाणवठ्यांवर गोळा झालेले. पाऊस साधारणतः नोव्हेंबरात सुरू होतो. पावसात गेलो असतो तर स्थलांतरित पक्षी पुष्कळ मिळाले असते. विशेषतः अमूर ससाणा. हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी सायबेरिया-चीनकडून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये थांबतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेत पोहोचतो. २०१२ पर्यंत नागालँडच्या दोयांग परिसरात त्याची जाळी लावून प्रचंड कत्तल होत असे. २०१३ मध्ये त्याच गावकऱ्यांनी ती थांबविली. करेऱ्याला जे जमले नाही ते दोयांगला जमले, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. परंतु अमूर ससाणा आणि पाणचिऱ्याची बेटे एका फेरीत मिळत नाहीत. आम्ही ससाण्यावर पाणी सोडले.

महिन्यावरून मार्ग ठरला. विंडहुकहून उत्तरेस सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर एतोशातील ओकाकुएयो हा तळ. एतोशाचे क्षेत्र बावीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक आणि मध्ये जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचे पांढरे, खारट, कोरडे तळे. तेथे ओकाकुएयो, हलाली आणि नामुतोनी अशा तीन तळांवर मिळून सहा रात्री. ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात आणि कुंपणाच्या आत बसून काळे गेंडे पाहता येतात. तेथून रुंडूमार्गे दिवुंडूला, ओकावांगो नदीच्या काठी. अंगोलात उगम पावणारी ही नदी समुद्राला मिळतच नाही, बोत्स्वानाच्या वाळवंटात पसरून जिरते. पाणचिऱ्यासाठी तेथे चार रात्री. मग चिंचोळ्या पट्ट्यातून पूर्वेकडे, सीमा ओलांडून बोत्स्वानातील कसाने येथे, चोबे नदीवर. वाळूच्या टेकड्या, केप टाउन, धबधबा यांना नमस्कार केला. नकाशावरून एकेक नाव खोडताना वाईट वाटले, परंतु खोडल्यानंतरच त्याला बेताचे रूप आले.

रस्ता आणि गाडी

"तेथे गाडी चालवायची?" हा प्रश्न प्रत्येक जण डोळे विस्फारून विचारतो. आपल्यासाठी सोयीची गोष्ट अशी, की नामिबिया, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका या तिन्ही देशांत गाडी डावीकडूनच चालवितात. आपला परवाना आणि परिवहन कार्यालयातून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ बाळगावेत. भाड्याची गाडी दुसऱ्या देशात न्यायची तर गाडी देणाऱ्यांचे पत्र लागते, ते आधीच मागून घ्यावे. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून मित्रांच्या सांगण्यावर न विसंबता वकिलातीकडूनच माहिती घ्यावी.

धोका वेगळाच आहे. दाल बाजारात गाडी चालविणाऱ्यास गर्दीचे भय नसते. परंतु नामिबिया हा मध्य प्रदेशाच्या अडीचपट मोठा देश आणि लोकसंख्या सुमारे तीस लाख. रस्ते रिकामे, सरळ आणि बहुतांश खडीचे. रिकामा रस्ता वेगाचा मोह घालतो आणि खडीवर गाडी घसरून उलटते. खडीवर ताशी ऐंशीच्या पुढे जायचे नाही, टायरमधील हवा थोडी कमी ठेवायची, दोन जादा चाके घ्यायची, दिसेल त्या पंपावर टाकी भरायची आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे. शिवपुरीच्या रस्त्यावर संध्याकाळी नीलगाय आडवी येते, तेथे कुडू येतो, एवढाच फरक. राष्ट्रीय उद्यानांतील तळांचे दरवाजे तर सूर्यास्ताला बंदच होतात.

तंबू गाडीच्या टपावर असतो आणि शिडीने चढावे लागते. येथे पन्नाशीची आणि साठीची खरी परीक्षा. अण्णांचे वय एकसष्ट, गुडघे त्याहून थोडे वडील, आणि रात्री दोनदा उठावे लागते, हे त्यांनीच सांगितले म्हणून लिहितो. सेठजींच्या गोदामात पोती रचण्याची आठ पायऱ्यांची शिडी आहे. एका रात्री आम्ही चौघांनी दिवे मालवून, कपाळावर विजेरी बांधून, तिच्यावर चढ-उतार केली. गोदामाचा हमाल हे पाहून म्हणाला, "साहब लोग, नौकरी चाहिए क्या?"

सामान थोडकेच. दुर्बीण आठ पट आणि बेचाळीस मिलिमीटरची, प्रत्येकाची स्वतंत्र. संसारात सगळे वाटून घेता येते, दुर्बीण नाही. आणि डाळ? कडधान्ये व बियाणे देशाबाहेर नेण्या-आणण्यावर निर्बंध असतात, म्हणून ती तेथेच घ्यायची. जन्मभर दाल बाजारात बसून डाळ मात्र विंडहुकला विकत घेणार, यावर सेठजी अजून रुसलेले आहेत.

वैद्याने स्वतःला तपासावे

आपण इतरांना प्रवासापूर्वी सल्ला देतो आणि स्वतः मात्र ऐनवेळी हाताला लागतील त्या गोळ्या खिशात कोंबतो. म्हणून आम्ही चौघांनी एकमेकांचे रीतसर कागद तयार केले.

मलेरिया : एतोशाच्या पुढे ओकावांगो आणि चोबेच्या काठी फाल्सिपेरमचा धोका असतो आणि क्लोरोक्विन तेथे निरुपयोगी. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतल्यास धोक्याच्या भागात शिरण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून बाहेर पडल्यावर सात दिवस; डॉक्सिसायक्लिन घेतल्यास नंतर चार आठवडे, शिवाय वाळवंटी उन्हात त्वचा भाजण्याची शक्यता. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर 'हवापाण्याचा' न म्हणता आधी रक्त तपासायचे.

पीतज्वर : आपल्याकडून थेट जाणाऱ्यास तो प्रश्न येत नाही. परंतु दिल्लीहून विंडहुकला थेट विमान नाही आणि वाटेतला थांबा पीतज्वराच्या देशात असेल, तर लशीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न उद्भवू शकतो, परतीच्या वेळी आपल्या विमानतळावरही. ही लस अधिकृत केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य आहे. मात्र साठीनंतर प्रथमच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. अण्णांमुळे आम्ही विमानाचा मार्गच बदलला. थोडे पैसे अधिक गेले.

गोचीड : गवतातून चालल्यावर रोज संध्याकाळी एकमेकांना तपासायचे. काळा खपला, ताप आणि डोकेदुखी म्हणजे रिकेटसिया मनात आणायचा. गोड्या पाण्यात पाय सोडून बसायचे नाही, बिल्हार्झियासाठी. आपली चार सापांवरील प्रतिसर्पविष लस तेथील पफ ॲडर किंवा मांबाला उपयोगी नाही, म्हणून ती नेण्यात अर्थ नाही. बंद बूट आणि विजेरी यांचाच भरवसा. आणि रुग्णाला हलविण्याचा खर्च उचलणारा विमा. तो घेताना अण्णांनी रक्तदाब लपविण्याचा विचार केला होता. त्यांच्या पत्नींनी तो हाणून पाडला.

चंबळेवरील रंगीत तालीम

या वर्षी फेब्रुवारीत दोन रात्रींची तालीम केली. मुरैना जिल्ह्यात, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, माझ्या एका जुन्या बालरुग्णाच्या शेतावर त्याच्या वडिलांच्या परवानगीने तंबू ठोकला. हा 'बालरुग्ण' आता दोन मुलांचा बाप आहे. भोवती मोहरी फुललेली, पलीकडे चंबळेचे बीहड.

तालीम सपशेल फसली. तंबूच्या काठ्या घरीच राहिल्या होत्या. शेतकऱ्याने बांबू दिले. स्टोव्ह होता, काडेपेटी नव्हती. थंडीचा अंदाज चुकला. पण सर्वांत मोठे अपयश दूरध्वनीचे. पहिल्या रात्री मला तेवीस फोन आले. त्यांतील तीन खरोखर तातडीचे होते; उरलेले वीस मी तीस वर्षांत लावलेल्या सवयीचे. तिन्हीसांजेला पत्नीने "पाणचिरा!" म्हणून हाक मारली, तेव्हा मी एका आजीबाईंना पॅरासिटामॉलचे माप सांगत होतो. मागे वळलो तोवर पाण्यावर फक्त एक लांब सरळ रेघ उरली होती आणि तीही विरत होती.

दुसऱ्या संध्याकाळी फोन गाडीत कुलूपबंद केला. नऊ पाणचिरे आले. काळे पंख, नारिंगी चोच, पाण्यापासून चार बोटांवर पंखांची टोके. आणि आवाज मुळीच नाही. बाजूच्या वाळूवर मगरी आणि घड्याली. १९७९ पासून चंबळेचा हा पट्टा तीन राज्यांत मिळून राष्ट्रीय अभयारण्य आहे, घड्यालींच्या रक्षणासाठी. त्यांच्या आश्रयाने पाणचिराही टिकला. मार्चनंतर याच बेटांवर तो अंडी घालतो. उन्हाळ्यात वाळू तापते, तेव्हा पालक पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. नवजात शिशूचे तापमान राखण्याविषयी मी आजवर दिलेली सारी व्याख्याने मला त्या वाळूवर आठवली. वाळूचा उपसा झाला किंवा पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले, की कुत्री पोहोचतात आणि घरटी संपतात. ओकावांगोवर बोटींच्या लाटांनी अंडी वाहून जातात. दोन खंड, दोन भावंडे, दुखणे जवळपास एकच.

रजेचा अर्ज

त्या तालमीने एक गोष्ट पक्की केली. आमच्या प्रवासातील सर्वांत अवघड टप्पा रुंडूचा रस्ता नव्हे, दाल बाजारातून बाहेर पडण्याचा आहे. म्हणून शहरातील दोन बालरोगतज्ज्ञ मित्रांशी लेखी व्यवस्था केली. ज्या बाळांची सहाव्या, दहाव्या किंवा चौदाव्या आठवड्याची लस आमच्या रजेत येते, त्यांची नावनिशीवार यादी. अपस्मार आणि दम्याच्या मुलांचे एकपानी सारांश. माझा क्रमांक त्यांच्याकडे वळविण्याची सोय. बदल्यात दिवाळीनंतर त्यांतील एकाची आणि मे महिन्यात दुसऱ्याची रजा मी सांभाळणार. दवाखान्यात दोन महिने आधी फलक लावला.

वाटले होते, गहजब होईल. एका आजींनी चष्मा सावरीत फलक वाचला आणि म्हणाल्या, "हो आओ बेटा। हम भी तो गरमी में मायके जाते हैं।" बस्स, एवढेच. तीस वर्षे मी ज्या सबबीला कर्तव्य म्हणत आलो, तिची वासलात एका वाक्यात लागली. माझ्या अनुपस्थितीचे भय रुग्णांपेक्षा मलाच अधिक होते.

मंडळाच्या सभासदांना माझी विनंती आहे, की अशी परस्परांची रजा सांभाळण्याची व्यवस्था आपण विशेषज्ञतेनुसार कायमची का करू नये? आफ्रिकेला जा असे मी म्हणत नाही. तिघरा धरण आहे, शिवपुरीचे सख्यासागर आहे, चंबळ तर दाराशी आहे. कोणी नातवंडांकडे जाईल, कोणी नुसते झोपेल. आपल्यांतील कितीजण शेवटच्या आजारातच पहिली रजा घेतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

करेरा

चंबळेहून परतल्यावर पुढच्या रविवारी मी एकटा करेऱ्याला गेलो. दिहायला तळ्याच्या बाजूने माळावर पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते. गव्हाची शेते, बाभळी, विजेच्या तारा. दूरवर काळविटांचा एक कळप. एका शेतकऱ्याने गाडी पाहून विचारले, "किसको ढूँढ रहे हो?" म्हटले, सोनचिरैया. तो सत्तरीचा असावा. बांधावर टेकला आणि हाताने समोरचा तुकडा दाखवून म्हणाला, "यहीं बैठती थी। इसी खेत में। मेरे लड़के ने नहीं देखी।"

मी तेथे तासभर उभा राहिलो. दुर्बीण गळ्यात होती. ती मी काही वेळ डोळ्यांना लावलीही. मग वहीत तारीख, ठिकाण, वेळ लिहिली आणि पक्ष्याच्या नावापुढे, आम्ही नोंदीत लिहितो तसे, 'दिसला नाही' असे लिहिले. सरांना सांगण्यासारखे तेवढेच होते.

विमानाची तिकिटे काढली आहेत. नकाशा अजून टेबलावर आहे, त्यावर एतोशाच्या जागी पत्नीने लाल शाईने तारीख लिहून ठेवली आहे. सेठजींनी परवा वर येऊन तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, की या पांढऱ्या जागेत काय आहे? मी त्यांना कोरी माळढोकाचे चित्र दाखविले. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी घाटीगावच्या मामांकडे असाच एक पक्षी पाहिल्याचे त्यांना आठवते. तीस वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलेच नव्हते. आता रविवारी त्यांच्यासह घाटीगावला जायचे ठरले आहे. पहाटे साडेपाचला, आढत उघडण्यापूर्वी परत येण्याच्या बोलीवर.